हातानं वाढणारे गुलाबभाऊ

गुलाबभाऊ मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा घालत आणि गळ्याचं बटण लावत. बोलता बोलता उजवा तळहात डाव्या कोपराच्या लवणीत दाबून धरत. खाजवत नसत, नुसतं दाबून धरत. एसटीत खिडकीजवळची जागा दुसऱ्याला देत. आंघोळीनंतर अंग पुसून कोरडं करत नसत. ओल्या अंगावरच खोबरेल चोळत. नखं इतकी खोल कापत की बोटांची टोकं लाल दिसत. त्यांचे कपडे अंगणात वाळत नसत, घरात दोरीवर वाळत. कुणी हात मिळवायला पुढे केला की ते आपले दोन्ही हात जोडून ‘जयभीम’ म्हणत. नव्या माणसाला वाटे, केवढा नम्र माणूस आहे.

या सवयींपैकी एकही त्यांना आईबापांनी लावलेली नव्हती. प्रत्येकीचं मूळ धुरपताबाईंना ठाऊक होतं. नवऱ्याच्या अंगावर काय चाललं आहे ते त्यांनी तेरा वर्षं पाहिलं.

देवळीहून यवतमाळ रस्त्यानं थोडं पुढं गेलं की चिंचाळ्याचा फाटा लागतो. फाट्यापासून गाव आत आहे. गावाच्या तोंडाशी बुद्धविहार, त्याच्या मागे एक लहान पूल, पुलापलीकडे शाळा. गुलाबभाऊंची थोडी कोरडवाहू जमीन होती. तूर आणि सोयाबीन निघे. शेतात काम नसलं की ते देवळीच्या जिनिंगमध्ये रोजानं जात. घर साधं, विहाराच्या अगदी समोर.

गावात त्यांची ओळख शेतामुळे नव्हती. ती वाढण्यामुळे होती.

त्यांचे वडील तानबा छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. परत आल्यावर ते काय बोलले हे आता कुणाला सांगता येत नाही. त्यांनी काय केलं ते मात्र सगळे सांगतात. पुढच्या जयंतीच्या पंगतीत त्यांनी बुंदीच्या पातेल्यातली पळी काढून बाजूला ठेवली आणि ओंजळ भरून बुंदी वाढायला सुरुवात केली. कुणीतरी विचारलं, असं काऊन? तानबा म्हणाले, “पळीनं तं तेही वाढत होते आपल्याले. लांबून.”

तेव्हापासून चिंचाळ्याच्या विहारात बुंदी हातानं वाढतात. वरण, भात, भाजी कशानंही वाढा; बुंदी हातानं. तानबा गेल्यावर हे काम गुलाबभाऊंकडे आलं. ते वाकून वाढत. ताटाच्या अगदी जवळ हात नेत आणि प्रत्येकाला नात्यानं हाक मारत.

“घे मामी. दात नाई म्हणून काय झालं, बुंदी विरघळते.”

“पुरे काय म्हणतं बे पोट्ट्या? लग्न व्हायचं हाय तुयं. खाय.”

“रूपराव, ताट सरळ धर. सारं इकडंच ओढून राह्यला का?”

धुरपताबाई बायांच्या पंगतीत बसून हे ऐकत. घरात हा माणूस फार बोलत नसे. पंगतीत मात्र त्याला थांबवावं लागे.

चौऱ्याण्णव सालचा पोळा झाला आणि त्यांची मान खाजायला लागली. पहिल्यांदा घामोळ्या वाटल्या. मग पापण्या सुजल्या. मग कोपराच्या लवणी, गुडघ्यांच्या मागच्या बाजू, मनगटं. दिवाळीनंतर कमी झालं, उन्हाळ्यात पुन्हा उठलं. दुसऱ्या पावसाळ्यात ते गेलंच नाही.

नत्थूच्या पानठेल्यावर मंडळी थट्टा करायची. “काय गुलाबभाऊ, मानेवर तबला वाजवून राह्यले का?”

“तू पेटी आण,” गुलाबभाऊ म्हणायचे. “बसू दोघं.”

घरी आल्यावर ते दाराच्या चौकटीला पाठ घासत. कातडी फुटे. पाणी येई. त्यावर खपली धरे, आणि ती खपलीच पुढं खाजे. झोप तुटलेली. सकाळी धुरपताबाई चादर झटकत तेव्हा कोंडा पडे. त्या तो झाडून घेत.

उपाय सगळ्यांकडे होते. कुणी करंजाचं तेल सांगितलं. कुणी कडुलिंबाचा पाला उकळून त्या कढत पाण्यानं आंघोळ सांगितली. गुलाबभाऊंनी दोन्ही केलं. वरून कपडे धुवायचा साबण अंगाला लावायला सुरुवात केली, कारण तो जास्त कडक. कढत पाणी अंगावर पडलं की क्षणभर खाज मरत असे. तेवढ्या क्षणासाठी ते दिवसातून दोनदा आंघोळ करत. नंतर अंग ताणून बसे आणि भेगा पडत. देवळीच्या बाजारच्या दिवशी एक डॉक्टर यायचा. तो सुई द्यायचा. सुई घेतली की कातडी स्वच्छ होई, आणि पुढच्या बाजारापर्यंत खाज दुप्पट जोरानं फिरून येई. औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली होती. ती ते चेहऱ्याला साईसारखी थापत. वर्षभरात गालांची कातडी इतकी पातळ झाली की खालच्या शिरा दिसायला लागल्या.

“हे तुमी लय लावून राह्यले,” धुरपताबाई म्हणाल्या.

“थोडं लावून काय होते? रोग मोठा हाय.”

त्यांनी वांगं सोडलं. मग अंबाडी सोडली. मासे, अंडी, गूळ. मग चहा. अंग उतरलं. खाज जागच्या जागी.

तोवर गावानं रोगाला नाव देऊन टाकलं होतं. खरूज. पुढे नाव बदललं, गजकर्ण झालं. नावं बदलत होती; लागट आहे हे मात्र गावात पक्कं झालं होतं.

सत्त्याण्णवच्या जयंतीला गुलाबभाऊ नेहमीसारखे बुंदीचं पातेलं घेऊन उठले. पांढरा सदरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. कोपराखालची कातडी काळी, जाड, मधेच फुटलेली. पंगतीत रूपराव बसला होता. रूपराव त्यांच्या वयाचा, लहानपणापासूनचा सोबती. त्यानं गुलाबभाऊंना येताना पाहिलं आणि ताटावर हात आडवा धरला.

“मले गोड चालत नाई जी आता.”

“कधीपासून?”

“डाक्टरनं सांगतलं.”

गुलाबभाऊ पुढं सरकले. पुढच्यानंही हात धरला. त्याच्या पुढच्या बाईनं ताट मांडीखाली सरकवलं. काही जणांनी घेतली. घेतली आणि ताटाच्या कडेला ठेवली. धुरपताबाई समोरच्या पंगतीतून पाहत होत्या. पंगत उठायच्या वेळी दुसऱ्या एकानं पातेलं फिरवलं, तेव्हा रूपरावनं ताट पुढे केलं. तेही त्यांनी पाहिलं.

पुढच्या वर्षी पुंडलिकरावांनी, विहार समितीच्या अध्यक्षांनी, गुलाबभाऊंना बाजूला घेतलं. पुंडलिकराव शाळेत शिक्षक होते. भला माणूस. शब्द जपून वापरत.

“गुलाब, यंदा तू पळी घे.”

गुलाबभाऊंनी पळीकडे पाहिलं. नवी होती, स्टीलची. बहुतेक त्यांच्यासाठीच आणली होती.

“लांबून वाढू म्हणता?”

“तसं नाही रे.”

“तसंच हाय, गुरुजी.”

त्यांनी पातेलं खाली ठेवलं आणि विहाराच्या मागच्या बाजूला गेले. लोक जेवत होते. मागं गाजर गवत माजलं होतं. ते ऊन उतरेपर्यंत एकटेच गवत उपटत राहिले.

गाजर गवत चिंचाळ्यात तोवर सगळीकडे झालं होतं. फाट्याच्या रस्त्याच्या दोन्ही कडांना, घरांच्या मागं, बांधांवर, विहाराभोवती. पावसाळ्यात हिरवं, कोथिंबिरीच्या चुलतभावासारखं, वर पांढऱ्या फुलांचे ठिपके. ढोरं तोंड लावत नव्हती. उन्हाळ्यात ते वाळून भुरभुरं होई आणि हात लावला की धूळ उडे.

वाढायचं काम सुटलं, तसं गुलाबभाऊंनी साफसफाई धरली. दसऱ्याआधी एकदा आणि जयंतीआधी एकदा विहाराचं आवार साफ करायचं, हा गावाचा रिवाजच होता. सगळे येत, फोटो होण्याइतकं काम करत आणि जात. गुलाबभाऊ तिथून हलत नसत. नुसत्या हातांनी मुळासकट गवत उपटत, ढीग करत, पेटवत, धुरात उभे राहत. मग घरी येऊन कढत पाण्यानं अंग घासत.

“कशाले एवढं?” धुरपताबाई विचारत.

“घाण ठेवाची नाई,” ते म्हणत. “आपल्यात घाण दिसली का लोकं लगेच बोट दाखवते. पयलेपासून दाखवत आले.”

धुरपताबाईंना ते पटायचं. त्यांच्याही आईनं त्यांना हेच शिकवलं होतं. घर सारवलेलं हवं, लेकरांची नखं कापलेली हवी, लुगडं फाटकं असलं तरी धुतलेलं हवं. त्यामुळे आजार झाला म्हणजे आणखी स्वच्छ व्हायचं, हे दोघांनाही सरळ वाटत होतं. ते जितकं झाडत, घासत, उपटत, तितकं अंग पेटत होतं. तेव्हा ते आणखी घासत.

दोन हजार साली मुलगी रोशनी बाळंत झाली. तिचं सासर नागपूरला. श्रावणात दोघं तिच्याकडे जाऊन राहिले. तिसऱ्या मजल्यावरची खोली, खाली सिमेंटचा रस्ता. आठवड्याभरात गुलाबभाऊंची मान मऊ पडली. पापण्या उतरल्या. ते नातीला मांडीवर घ्यायला लागले. आल्या आल्या त्यांनी तिला हातही लावला नव्हता.

“नागपूरचं पानी मानवलं बाबाले,” रोशनी म्हणाली.

गावी परतले आणि लगेच सगळं पूर्ववत. धुरपताबाईंनी ठरवलं, घरातच काहीतरी आहे. त्यांनी भिंतींना चुना लावला. जुन्या गोधड्या जाळल्या. खाट उन्हात टाकली, तिच्या दोऱ्या बदलल्या. मांजर हाकललं. मांजर दुसऱ्या दिवशी परत आलं. खाज गेलीच नव्हती.

रोशनी चिडली. “माय, तू घर पाडशीन एक दिवस. त्याईले मोठ्या इस्पितळात ने.”

गुलाबभाऊ तयार नव्हते. तिथं सगळ्यांसमोर सदरा काढावा लागेल, हे त्यांच्या मनात होतं. ते बोलले वेगळंच. “तूर काढाची हाय.”

“तूर मी काढतो,” धुरपताबाई म्हणाल्या. “तुमी काय काढता? रात्रभर सालटं.”

ते गेले. वर्ध्याजवळचं मोठं इस्पितळ. कातडीच्या विभागात बाकावर खूप माणसं होती, आणि सगळी कुठं ना कुठं खाजवत होती. गुलाबभाऊ त्यांच्याकडे बघत राहिले. मग धुरपताबाईंच्या कानाशी वाकून म्हणाले, “इथं तं साराच तबला हाय.” कितीतरी दिवसांनी त्या हसल्या.

डॉक्टरीण तरुण होती. बोली इकडची नव्हती. तिनं औषध लिहायच्या आधी पुष्कळ विचारलं. काय काम करता, कोणत्या महिन्यात वाढतं, गावाबाहेर गेल्यावर कसं असतं. धुरपताबाईंनी नागपूरचं सांगितलं. डॉक्टरणीनं मान वर केली. मग तिनं गुलाबभाऊंच्या पाठीवर चिकटपट्टीनं लहान लहान टिकल्या लावल्या. प्रत्येकीत वेगळी वस्तू होती. म्हणाली, दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही.

दोन दिवस ते वर्ध्याला नातलगाकडे राहिले. गुलाबभाऊ आंघोळीविना कोपऱ्यात बसून होते. “वास येऊन राह्यला का मायाजवळून?” असं ते धुरपताबाईंना पुन्हा पुन्हा विचारत.

पट्ट्या काढल्या तेव्हा सगळ्या टिकल्यांखाली कातडी साधी होती. एकीखाली ती लाल झाली होती, फुगली होती, बारीक पाण्याचे फोड आले होते.

“काका, तुमच्या गावात गाजर गवत आहे?”

गुलाबभाऊ म्हणाले, “बाई, गाजर गवतात गाव हाय.”

डॉक्टरीण हसली नाही. तिनं समजावून सांगितलं. काही माणसांची कातडी या गवताला शत्रू धरून बसते. एकदा धरलं की सोडत नाही. झाड हाताला लागलं की उठतं, त्याची धूळ उडून चेहऱ्यावर बसली तरी उठतं, ओलं असो की वाळलेलं. वाऱ्यानं ती धूळ वाळत घातलेल्या कपड्यांवर बसली तरी पुरतं.

धुरपताबाई मधेच बोलल्या. त्यांना एकच विचारायचं होतं. “हे दुसऱ्याले लागते का?”

“नाही, मावशी.”

“हात लागला तं?”

“नाही.”

“ह्यांच्या हातचं खाल्लं तं?”

डॉक्टरणीनं पेन ठेवलं. गुलाबभाऊंचा हात उघड्या हातानं उचलला, तळवा वर केला, पुन्हा उलटा केला आणि तसाच धरून ठेवला. “हे कुणाकडून आलेलं नाही, आणि कुणाकडे जाणार नाही,” ती म्हणाली.

गुलाबभाऊ आपल्या हाताकडे पाहत होते. ते म्हणाले, “मंग मी इतके वर्ष तेच उपटून राह्यलो.”

“नुसत्या हातांनी?”

“हो. विहाराचं.” मग त्यांनी विचारलं, “आता जाईन ना मंग हे?”

“पूर्ण जाणार नाही. पण ताब्यात राहील. तुम्ही ठेवलंत तर.”

एसटीत ते खिडकीजवळ बसले होते. सेलूकाट्याच्या पुढं रस्त्याच्या कडेला गाजर गवत हलताना दिसलं. ते उठले आणि धुरपताबाईंना म्हणाले, “तू इकडं बस.”

मग ताब्यात ठेवणं सुरू झालं. कढत पाणी बंद, कपड्याचा साबण बंद. कोमट पाणी आणि लगेच ओल्या अंगावर तेल, म्हणजे ओल आत राहते. ट्यूब बोटाच्या टोकाएवढी, उठेल तेव्हाच, तोंडाला वेगळी आणि हातापायाला वेगळी. बाजारातली सुई कायमची बंद. पूर्ण बाह्या. खाज आली तर नख लावायचं नाही. तळव्यानं दाबायचं, नाहीतर ओलं फडकं ठेवायचं. कपडे घरात वाळवायचे. वांगं, मासे, चहा, सगळं परत. कितीतरी वर्षांनंतर वांग्याची भाजी ताटात आली तेव्हा गुलाबभाऊंनी तिसऱ्यांदा मागून घेतली.

यातलं सगळ्यात अवघड काम औषधाचं नव्हतं. बसून राहणं जमत नव्हतं. पुढच्या जयंतीआधी आवार साफ करायला पोरं आली, गप्पा मारत बसली. गुलाबभाऊ ओट्यावरून बघत होते. त्यांनी हाताला फडकी गुंडाळली, तोंडाला दुपट्टा बांधला आणि गेले. संध्याकाळपर्यंत डोळे बंद होतील इतका चेहरा सुजला.

धुरपताबाईंनी ओलं फडकं त्यांच्या तोंडावर ठेवलं. हात हलका होता, तोंड नाही.

“अकल गहाण ठेवली का तुमी? डाक्टरीन काय म्हणे? काय म्हणे ते?”

“पोरं काम करून नाई राह्यले.”

“नसन करत. राहू द्या गवत! त्या गवतानं बुद्धाचं काय बिघडते? तुमचं बिघडते.”

“माया बापानं...”

“तुमच्या बापानं हातानं वाढा म्हटलं होतं. उपटा नोतं म्हटलं.”

 गुलाबभाऊंनी पुढं कधी गवताला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी बोरिंगवर पाण्याला बाया जमल्या होत्या. धुरपताबाईंनी हंडा ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की हे लागट नाही, डॉक्टरणीनं हातात हात धरून सांगितलं.

“डाक्टरीन तं म्हणनच,” रूपरावची बायको म्हणाली. “तिले थोडी जेवाचं हाय आपल्या पंगतीत.”

“मी त्याच अंथरुणात निजतो पंचवीस वर्षांपासून. माया अंगाले पाह्य.” धुरपताबाईंनी पदर बाजूला करून दंड पुढं केला. “पाह्य ना. दिसते काई?”

बायांनी नजर दुसरीकडे वळवली. हंडे भरले, गेल्या. पटलं असावं. पण पटणं निराळं आणि ताट पुढं करणं निराळं.

रेडिओवर शेतीचा कार्यक्रम गुलाबभाऊ रोज ऐकत. एका संध्याकाळी त्यात सांगितलं, गाजर गवताच्या जागी तरोट्याचं बी टाका; तरोटा वाढला की गाजर गवताला सावलीत जागा राहत नाही. तरोटा गावाला नवा नव्हता. पावसाळ्यात कोवळा पाला खुडून भाजी करतात, पुढं वाढला की कुणी विचारत नाही. गुलाबभाऊंनी रेडिओ बंद केला. 

“काय झालं?” धुरपताबाईंनी विचारलं.

“हात न लावता मरते ते.”

दिवाळीनंतर तरोट्याच्या शेंगा वाळल्या, तेव्हा त्यांनी त्या गोळा केल्या, कुटल्या, पाखडल्या. उन्हाळ्याच्या शेवटी विहाराभोवती बी फेकलं. पहिल्या वर्षी तुरळक आलं. नत्थू म्हणाला, “गुलाबभाऊ, गवताच्या बदल्यात गवत पेरून राह्यले. हे कोनतं शास्त्र?” दुसऱ्या वर्षी तरोटा गुडघ्याएवढा दाटला. तिसऱ्या वर्षी विहाराभोवती गाजर गवत शोधावं लागलं. गुलाबभाऊंच्या दारातली हवाही त्यामुळे निवळली. मान अजून काळी होती, जाड होती, पण बंद होती. कधी उठे. आठ-दहा दिवस राही, दाबलं की दबे. त्याला ते आता ‘पाहुणा’ म्हणत. “पाहुणा आला हाय,” म्हणत आणि फडकं ओलं करायला घेत.

दोन हजार सहाची जयंती. पुंडलिकराव निवृत्त झाले होते. काठी घेऊन चालत. पंगत बसली, तेव्हा ते खुर्चीवर न बसता कष्टानं खाली बसले, पहिल्याच ताटावर. आणि हाक मारली.

“गुलाब, बुंदी आण. पळी काढून ठेव.”

गुलाबभाऊ दारात उभे होते. ते जागचे हलले नाहीत. धुरपताबाईंनी बायांच्या पंगतीतून पाहिलं, त्यांचा उजवा तळवा डाव्या कोपरावर गेला होता. मग त्यांनी हात धुतले. पातेलं उचललं. पुंडलिकरावांच्या ताटात ओंजळ रिकामी केली.

“अजून टाक,” पुंडलिकराव म्हणाले. “साखर झाली आहे मला. तरी टाक.”

पंगतीत हसू उठलं. गुलाबभाऊ पुढं सरकले. पोरांनी घेतली. नत्थूनं घेतली आणि पुन्हा मागितली. काहींनी घेताना डोळे खाली केले. काहींनी ताटावर हात आडवा धरलाच. रूपरावनंही धरला.

गुलाबभाऊ त्याच्यासमोर वाकले.

“काऊन रूपराव, अजून चालत नाई का गोड?”

“नाई जी.”

“बरं,” गुलाबभाऊ म्हणाले. रागानं नाही. ओंजळ तशीच भरलेली ठेवून पुढच्या ताटाकडे गेले. “घे मामी.”

पंगत संपल्यावर ते घरी आले, न्हाणीच्या दारात बसले आणि हात पुढे धरून बघत राहिले. धुरपताबाईंनी खोबरेलाची बाटली आणून दिली.

“अर्ध्याईनं घेतली,” त्या म्हणाल्या.

“अर्ध्याच्या वर होते,” ते म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी फाट्याचा रस्ता धरला. विहाराभोवतीचं झालं होतं. आता दोन्ही कडा. फाट्यापासून विहारापर्यंत आणि विहारापासून शाळेपर्यंत, लेकरं रोज त्या गवतातून जातात म्हणून. सकाळी ऊन व्हायच्या आत पूर्ण बाह्या आणि दुपट्टा बांधून निघत, वारा पाठीमागं ठेवून चालत आणि बी फेकत. मृग जवळ आला होता. फाट्यापासून विहारापर्यंतचं झालं. मग विहारापासून पुलापर्यंतचं झालं.

त्या सकाळी ते पुलावरून लवकर परत आले. ओट्यावर बसले, पाणी मागितलं. धुरपताबाई पाणी घेऊन बाहेर आल्या तेव्हा त्यांचं डोकं भिंतीला टेकलेलं होतं. गळ्याचं बटण लावलेलं होतं. देवळीच्या डॉक्टरनं हृदयाचं सांगितलं. खाजेनं माणूस मरत नाही. गुलाबभाऊ खाजेनं मेले नाहीत. एवढं खरं आहे, आणि त्याचं काय करावं हे त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही कळलेलं नाही. सत्तावन्न वर्षांचे होते.

आंघोळ घालायला रूपराव आला. कुणी बोलावलं नव्हतं. त्यानं बाह्या सारल्या आणि उघड्या हातांनी गुलाबभाऊंची मान, कोपर, मनगटं सावकाश धुतली. धुरपताबाई दारातून पाहत होत्या.  त्यानं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

श्रावणात फाट्याच्या रस्त्याला तरोटा उगवला. कोवळा, दाट, दोन्ही कडांना सारखा. बाया सकाळी पाला खुडायला जातात. रूपरावच्या घरूनही जातात, ओचा भरून आणतात. गावभर ती भाजी शिजते.

पुलापर्यंतच आहे. बियांची पोतडी धुरपताबाईंच्या घरात खुंटीला तशीच अर्धी भरलेली आहे. पुलापासून शाळेपर्यंतची कड राहिली. तिथं गाजर गवत फुललं आहे.